मांजराचा मधुमेह : घरची रक्तपरीक्षा व इन्सुलिनची मात्रा

घरातील मांजर दिवसातून किती पाणी पिते, याकडे सहसा कोणाचे लक्ष नसते. मांजर हा मुळात कोरड्या प्रदेशातील प्राणी. भक्ष्याच्या मांसातून मिळणाऱ्या ओलाव्यावर त्याचे बरेचसे भागते. म्हणूनच एखादे मध्यम वयाचे, अंगाने भरलेले मांजर जेव्हा वरचेवर पाण्याच्या वाटीशी जाऊ लागते, न्हाणीघरातील बादलीत तोंड घालू लागते, पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक लघवी करते, भरपूर खाते आणि तरीही दिवसेंदिवस वाळत जाते, तेव्हा ती साधी गोष्ट समजू नये. वाढलेली तहान, बहुमूत्रता, वाढलेली भूक आणि घटणारे वजन ही चार लक्षणे एकत्र दिसली, तर मधुमेहाची शंका घेऊन त्याला पशुवैद्याकडे न्यावयास हवे. काही मांजरे मागील पायांची टाच जमिनीला टेकवून चालू लागतात. साखरेच्या आधिक्यामुळे मज्जातंतूंना झालेल्या इजेचे ते चिन्ह होय.

रोगाचे निदान व औषधाची निवड हे पशुवैद्याचे काम आहे. परंतु निदान झाल्यानंतर दिवसातून दोन वेळा इन्सुलिन टोचण्याचे आणि रक्तातील साखर पाहण्याचे काम बहुधा घरच्या माणसांनाच करावे लागते. ते कसे करावे आणि हाती आलेल्या आकड्याचा अर्थ कसा लावावा, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

रोगाचे स्वरूप

जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडात पेशींचे लहान लहान पुंजके असतात. पॉल लांगरहान्स या जर्मन संशोधकाने १८६९ मध्ये त्यांचे प्रथम वर्णन केले. स्ट्रासबर्ग येथे १८८९ मध्ये मेरिंग व मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्याला तीव्र मधुमेह झाला. रोगाचे मूळ कोठे आहे हे त्यावरून उघड झाले. पुढे १९२१ मध्ये टोरांटो विद्यापीठात बँटिंग व बेस्ट यांनी या पुंजक्यांतील उपयुक्त द्रव्य वेगळे केले, कोलिप यांनी ते शुद्ध करण्याची रीत बसविली आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचण्यात आले. हेच इन्सुलिन होय. रक्तातील साखर स्नायूंच्या व मेदाच्या पेशींत शिरावी आणि यकृताने साठविलेली साखर अवेळी रक्तात सोडू नये, ही दोन्ही कामे त्याच्यामुळे होतात.

इन्सुलिन हे एक प्रथिन असून निरनिराळ्या प्राण्यांत त्याच्या घटनेत किंचित फरक असतो. मांजराचे इन्सुलिन गाईबैलांच्या इन्सुलिनाहून केवळ एका अमिनो आम्लाने वेगळे आहे, माणसाच्या इन्सुलिनाहून चारांनी. हा फरक इतका थोडा आहे, की माणसासाठी तयार केलेले इन्सुलिन मांजराच्या शरीरातही आपले काम करते.

मांजरांचा मधुमेह बव्हंशी माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. स्थूलपणा आणि बैठे जीवन यांमुळे शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही; स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन निर्माण करावे लागते आणि कालांतराने त्याची शक्ती क्षीण होते. खच्ची केलेल्या बोक्यांत हा रोग अधिक आढळतो. इतर विकारांसाठी दीर्घकाळ दिलेली स्टेरॉइड औषधेही त्याला कारणीभूत होऊ शकतात. काही मांजरांत मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीवरील गाठीमुळे वाढीचे संप्रेरक अतोनात पाझरते. अशा मांजराची साखर इन्सुलिनच्या मोठ्या मात्रेलाही दाद देत नाही.

निरोगी मांजराच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारणपणे ७० ते १२० मिलिग्रॅम साखर असते. ती सुमारे २७० च्या वर गेली, म्हणजे मूत्रपिंडे तिला अडवू शकत नाहीत. साखर लघवीत उतरते, आपल्याबरोबर पाणी ओढून नेते, आणि त्यामुळे तहान वाढते. पाण्याच्या वाटीची गोष्ट येथे उलगडते. (या पाठातील साखरेचे सर्व आकडे १०० मिलिलिटर रक्तातील मिलिग्रॅमचे आहेत. काही यंत्रे मिलिमोलमध्ये आकडा दाखवितात. त्याला १८ ने गुणावे.)

घरी परीक्षा का करावी

दवाखान्यात जाताना मांजर पेटीत कोंडले जाते, वाहनाचा आवाज ऐकते, कुत्र्यांचा वास घेते. या भीतीने त्याच्या शरीरातील संप्रेरके खवळतात आणि निरोगी मांजराचीही साखर क्वचित ३०० च्या पलीकडे जाते. मागील एकदोन आठवड्यांतील साखरेचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामीन नावाची तपासणी असते, निदानाच्या वेळी तिचा फार उपयोग होतो. तथापि आज दुपारी साखर किती खाली गेली, हे तिच्यावरून कळत नाही. ते कळण्यास घरचा शांत कोपरा हीच योग्य जागा.

रक्ताचा थेंब कानाच्या कडेवरून घ्यावा. कानाच्या बाहेरच्या कडेलगत एक बारीक शीर जाते. शीर आणि कड यांमधल्या चिंचोळ्या जागेत टोचावयाचे असते. प्रथम कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने कान मिनिटभर शेकावा. फडके आपल्या मनगटाला सोसेल इतकेच ऊन असावे, आणि शेकल्यावर कान कोरडा करावा, कारण पाणी मिसळल्यास आकडा चुकतो. कानाच्या आतील बाजूस कापसाची लहान घडी धरून टोचणीने झटकन टोचावे. मोहरीएवढा थेंब पुरतो. यंत्रात बसविलेल्या पट्टीचे टोक थेंबाला लावले, की पट्टी आपणहून रक्त ओढून घेते. नंतर टोचलेली जागा अर्धा मिनिट कापसाने दाबून धरावी आणि मांजराला आवडीचा मांसाचा तुकडा द्यावा. पहिले काही दिवस टोचणीवाचून केवळ कान हाताळून खाऊ दिल्यास पुढचे काम सोपे होते.

यंत्राविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माणसाच्या रक्तातील साखरेचा मोठा वाटा तांबड्या पेशींत असतो; मांजराच्या रक्तात जवळजवळ सर्व साखर रक्तद्रवातच असते. त्यामुळे माणसांसाठी बनविलेले यंत्र मांजराची साखर बहुधा खऱ्याहून कमी दाखविते. प्राण्यांसाठी जुळविलेले यंत्र मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास एकच यंत्र सतत वापरावे आणि पशुवैद्याला त्याचे नाव सांगून ठेवावे. पट्ट्यांच्या डबीचे झाकण घट्ट लावावे, कारण पावसाळी दमट हवेत पट्ट्या लवकर बिघडतात.

अलीकडे कातडीवर चिकटविण्याचे संवेदकही मिळतात. ते कातडीखालील द्रवातील साखर चौदा दिवसांपर्यंत सतत मोजतात. मांजराच्या अंगावरून मात्र ते बरेचदा आधीच निघून पडतात. त्या द्रवातील साखर रक्तातील साखरेच्या काहीशी मागे असते. म्हणून संवेदकाने फार कमी आकडा दाखविल्यास कानाच्या रक्ताने खात्री करून घ्यावी. मात्र मांजर गळून गेले असेल, तर त्यासाठी थांबू नये.

बाटली आणि सिरिंज

इन्सुलिन युनिटांत मोजतात. भारतात औषधांच्या दुकानात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटे असलेल्या बाटल्याही मिळतात आणि १०० युनिटे असलेल्याही. दोहोंसाठी वेगवेगळ्या खुणांच्या सिरिंजा असतात. ४० च्या सिरिंजेचे टोपण बहुधा लाल व १०० चे नारिंगी असते, पण रंगावर न विसंबता बाटलीवरील आणि सिरिंजेवरील आकडा प्रत्येक वेळी वाचावा.

ही चूक किती महाग पडते ते पाहा. ४० च्या सिरिंजेत २ च्या खुणेपर्यंत भरलेले औषध ०.०५ मिलिलिटर असते. बाटली ४० ची असेल, तर त्यात २ युनिटे असतात. बाटली १०० ची असेल, तर ५. चारपाच किलो वजनाच्या मांजराला आरंभी बहुधा दर बारा तासांनी सुमारे १ युनिट देतात, हे लक्षात घेतले म्हणजे अडीचपट मात्रेचा अर्थ स्पष्ट होईल.

दुधट दिसणारे इन्सुलिन वापरण्यापूर्वी बाटली तळहातांत हलकेच घोळवावी. ग्लार्जिनसारखे पाण्याप्रमाणे स्वच्छ असलेले इन्सुलिन गढूळ झाले तर टाकून द्यावे. ग्लार्जिनमध्ये पाणी किंवा दुसरे इन्सुलिन कधीही मिसळू नये. बाटली २ ते ८ अंश सेल्सिअस तपमानात ठेवावी, ती गोठू देऊ नये. जेथे वीज वरचेवर जाते तेथे तात्पुरती सोय म्हणून पाण्याने ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात कोरड्या डबीत ठेवलेली बाटली बाहेरच्या उन्हाळ्यापासून बरीच वाचते.

सुई छातीच्या किंवा कुशीच्या बाजूस, कातडी चिमटीत उचलून तिच्याखाली द्यावी आणि जागा रोज थोडी बदलावी. मांजर हलले आणि औषध आत गेले की केसांवर सांडले याचा संशय आला, तर दुसरी सुई देऊ नये. एक मात्रा चुकल्याने बारा तासांत सहसा मोठी हानी होत नाही. दुप्पट मात्रेने प्राण जाऊ शकतो. वापरलेल्या सुया जाड झाकणाच्या डब्यात साठवून दवाखान्यात द्याव्या.

दोन टोके आणि मधला तळ

आता या पाठातील मुख्य गोष्टीकडे वळू. समजा, एका मांजराला सकाळी ७ वाजता खाणे व इन्सुलिन दिले आणि दर दोन तासांनी साखर पाहिली. आकडे असे आले :

सकाळी ७ — ३१०
सकाळी ९ — २४०
सकाळी ११ — १६५
दुपारी १ — ११०
दुपारी ३ — १५०
सायंकाळी ५ — २३०
सायंकाळी ७ — ३०५

दुसऱ्या एका मांजराचे त्याच वेळचे आकडे असे आहेत :

सकाळी ७ — ३१०
सकाळी ९ — १९०
सकाळी ११ — ९५
दुपारी १ — ४८
दुपारी ३ — ७०
सायंकाळी ५ — १८०
सायंकाळी ७ — ३०५

दोन्ही मांजरांची सकाळ-संध्याकाळची साखर एकच आहे. जो मनुष्य केवळ सुईच्या वेळी परीक्षा करतो, त्याला ही दोन मांजरे सारखीच दिसतील, आणि ‘साखर अजून तीनशेवर आहे, तेव्हा औषध वाढवावे’ असे त्याला वाटेल. पहिल्या मांजराची साखर दुपारी ११० पर्यंत उतरते. दिवसाचा हा तळ ८० ते १५० यांच्या दरम्यान असावा असे मानतात. म्हणजे मात्रा योग्य आहे. दुसऱ्या मांजराची साखर दुपारी धोक्याच्या रेषेखाली गेली होती. शरीराने यकृतातील साखर रक्तात ओतून ती कशीबशी सावरली. त्याची मात्रा कमी करावयास हवी. घरच्या माणसांनी ती वाढविली, तर पुढची दुपार त्याची शेवटची ठरू शकेल.

यावरून नियम असा निघतो : सुई देण्यापूर्वीची साखर ‘आता सुई देणे सुरक्षित आहे काय’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देते. ‘मात्रा किती असावी’ या प्रश्नाचे उत्तर दिवसातील सर्वांत खालची साखर देते. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

पहिल्या प्रश्नासाठी पशुवैद्याकडून एक खालची मर्यादा लिहून घ्यावी. नव्याने उपचार सुरू झालेल्या मांजराची साखर सुईपूर्वी २०० च्या आत आली, तर विचारल्यावाचून इन्सुलिन न देणे हे सावधपणाचे ठरते. मांजराने खाल्ले नाही किंवा ओकले, तरीही नेहमीची मात्रा देण्यापूर्वी विचारावे. परंतु आजारी मांजराचे इन्सुलिन आपल्या मनाने दिवसचे दिवस बंद ठेवू नये. इन्सुलिनच्या अभावी शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन नावाची आम्ले साठतात आणि मांजर सुस्त होऊन अन्न सोडते. लघवीत कीटोन आढळल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुसऱ्या प्रश्नासाठी वर दिल्याप्रमाणे बारा तासांचा आलेख काढून तो पशुवैद्याला दाखवावा. मात्रा बदलल्यानंतर शरीर नव्या मात्रेला रुळण्यास निदान आठवडा द्यावा. एका उंच आकड्याने घाबरून मात्रा वाढवू नये. साखर धोकादायक खाली गेल्याचे आढळल्यास मात्र पुढील सुईपूर्वीच सल्ला घ्यावा.

साखर फार उतरली तर

साखर ६० च्या खाली जाणे हा तातडीचा प्रसंग समजावा. मांजर एकाएकी अन्नासाठी कासावीस होते, लडखडते, त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग थरथरते. पुढे आचके येतात व शुद्ध हरपते. काही मांजरे मात्र नुसती कोपऱ्यात गप्प बसून राहतात.

मांजर शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर ताबडतोब खाऊ घालावे. ते खात नसेल किंवा अर्धवट शुद्धीत असेल, तर मध, ग्लुकोजचे दाट पाणी किंवा साखरेचा पाक बोटाला लावून हिरड्यांवर चोळावा. मांजर तो आपणहून चाटील या आशेवर राहू नये. मांजराला गोड चवच कळत नाही. गोडी ओळखणारे जनुक त्याच्या वंशात निकामी झाले आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. आचके येत असताना तोंडात पातळ पदार्थ ओतू नये, कारण तो फुप्फुसात जाईल. दातांच्या मध्ये बोटही घालू नये. मांजर सावरल्यासारखे दिसले तरी इन्सुलिनचा अंमल अजून उरलेला असतो, म्हणून दवाखान्यात न्यावे आणि पुढील सुई विचारल्याखेरीज देऊ नये.

आहार व गोळ्या

मांजर हा शुद्ध मांसाहारी प्राणी आहे. पिष्टमय अन्नातून एकदम येणारी साखर हाताळण्याची त्याच्या यकृताची शक्ती मर्यादित असते. आपल्याकडे मांजराला दूधभात किंवा दुधात कुस्करलेली पोळी घालण्याची पद्धत आहे. कोरड्या तयार खाद्यातही पिष्ट पुष्कळ असते. मधुमेही मांजराला प्रथिने अधिक व पिष्ट अल्प असलेला ओलसर आहार मानवतो. घरी मांस शिजवून देणाऱ्यांनी टॉरिन या द्रव्याची पूर्तता कशी करावी ते विचारून घ्यावे. ते कमी पडल्यास मांजराचे हृदय व डोळे बिघडतात. आहार बदलताना पशुवैद्याला आधी सांगणे अत्यावश्यक आहे. दूधभात बंद झाला, की साखर आपोआप उतरते आणि कालची मात्रा आज जास्त होते.

अमेरिकेत २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन व २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन या मांजरांसाठीच्या तोंडाने देण्याच्या औषधांना मान्यता मिळाली. ती मूत्रपिंडांवाटे साखर बाहेर टाकवितात. ती सर्व मांजरांना चालत नाहीत, आणि त्यांच्यामुळे साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन साठण्याचा धोका असतो. घरातील माणसाच्या मधुमेहाच्या गोळ्या मांजराला कदापि देऊ नयेत.

वही

या सर्व कामात सर्वांत स्वस्त साधन म्हणजे एक वही. तिच्यात तारीख, वेळ, साखर, खाल्लेले अन्न, इन्सुलिनची युनिटे आणि सुई देणाऱ्याचे नाव एवढे रकाने असावेत. आठवड्यातून एकदा वजनही लिहावे. सकाळी आईने सुई दिली आणि ते ठाऊक नसलेल्या मुलाने तासाभराने पुन्हा दिली, असे घरात सहज घडू शकते. बाटली शीतपेटीत परत ठेवण्यापूर्वी नोंद झालीच पाहिजे, असा नियम असला म्हणजे हा अपघात टळतो.

वहीचा आणखी एक उपयोग आहे. रोग लवकर ओळखून उपचार नीट सुरू झाले आणि आहार बदलला, तर काही मांजरांचे स्वादुपिंड पुन्हा कामाला लागते आणि इन्सुलिनची गरज उरत नाही. असे झाल्यास ते बहुधा पहिल्या काही महिन्यांत होते. ही आनंदाची गोष्ट खरी, पण तिच्यातच धोका आहे. मांजर बरे होत असते, बाहेरून काही दिसत नाही, आणि जी मात्रा महिन्यापूर्वी त्याला जगवीत होती तीच आता त्याला घातक होऊ लागते. वहीतील आकडे मात्र हळूहळू उतरत जातात : ३१०, २६०, २१०, १७०. ही उतरण ज्याने वेळीच पाहिली, तो पशुवैद्याला विचारून मात्रा कमी करतो, पुढे थांबवितो, आणि त्यानंतरही अधूनमधून कानाचा थेंब पाहत राहतो, कारण रोग पुन्हा उलटू शकतो.

पाण्याच्या वाटीकडेही त्याने लक्ष ठेवावे. मांजर पूर्वीसारखे थोडेच पाणी पिऊ लागले, हे उपचार लागू पडत असल्याचे घरात सर्वांना दिसणारे पहिले चिन्ह असते.